जालन्याचे नारायण शेषाद्री

मराठी प्रबोधनाच्या इतिहासात १८४३ सालचे श्रीपत शेषाद्री प्रकरण प्रसिद्ध आहे. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या, त्यांच्याबरोबर जेवलेल्या एका अल्पवयीन ब्राह्मण मुलाला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे की नाही, या प्रश्नावर मुंबईच्या हिंदू समाजात दोन तट पडले. आणि त्याला परत घ्यावे असा आग्रह धरणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना स्वतःच बहिष्काराच्या धमक्या सोसाव्या लागल्या. या प्रकरणाची हकीकत सांगताना लेखक एक वाक्य ओघात लिहून पुढे जातात. श्रीपतचा थोरला भाऊ नारायण याने बाप्तिस्मा घेतला होता, हे ते वाक्य. जणू या वाक्याबरोबर नारायणाची गोष्ट संपली. वस्तुतः ती तेथे सुरू झाली, आणि तिचा मुख्य भाग मुंबईत नव्हे, तर मराठवाड्यात, जालन्याजवळच्या माळावर घडला. जालना हा १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्याचाच तालुका होता. त्यामुळे ही कथा या जिल्ह्याच्या इतिहासाचा भाग आहे.

नारायण शेषाद्री हा मिशनच्या शाळेचा विद्यार्थी. डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत १८३२ मध्ये सुरू केलेली ही शाळा पुढे विल्सन कॉलेज या नावाने वाढली. १८३९ मध्ये या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पालकांनी भराभर मुले काढून घेतली आणि वर्ग ओस पडले. हा हादरा पुरता ओसरतो न ओसरतो तोच सप्टेंबर १८४३ मध्ये नारायणाला रॉबर्ट नेस्बिट यांनी बाप्तिस्मा दिला. नारायण वयात आलेला होता; त्याचा निर्णय त्याचा होता. श्रीपत मात्र बारा वर्षांच्या आसपासचा. तोही भावामागोमाग मिशनऱ्यांच्या घरी आला. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा अज्ञान आहे म्हणून त्याला वडिलांच्या हवाली केले. कायद्याच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. पण कायद्याने वडिलांना मुलगा परत दिला, तरी जातीने मुलाला वडिलांचे घर परत दिले नाही. त्याने परक्याचे अन्न खाल्ले होते. पुढे काशीचे प्रायश्चित्त झाले, तरी सनातन्यांचे समाधान झाले नाही. आपली एखादी कृती आपल्या धाकट्या भावाला किती महाग पडू शकते, हे नारायणाने ऐन तरुणपणी पाहिले. त्या काळच्या धर्मांतरितांची चरित्रे वाचताना ही कौटुंबिक किंमत फार लवकर विसरली जाते. मिशनरी लेखक ती श्रद्धेच्या विजयात बुडवतात आणि विरोधी लेखक ती शिक्षा म्हणून योग्यच ठरवतात.

किंमत केवळ भावनेची नव्हती. धर्म सोडणाऱ्याचा वडिलार्जित मिळकतीतील हक्क अबाधित राहील असे सांगणारा कायदा १८५० मध्ये आला. म्हणजे नारायणाच्या बाप्तिस्म्यानंतर सात वर्षांनी. १८४३ मध्ये धर्मांतर करणारा तरुण एका दिवसात निर्वासित होत असे. घर, पंगत, लग्नसंबंध, वारसा, सारे तुटे. मग त्याच्यापुढे मिशनच्या आश्रयाखेरीज दुसरा मार्ग राहात नसे. त्यातही योगायोग असा की, त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली होती आणि मुंबईचे मिशनरी नव्या फ्री चर्चमध्ये गेल्यामुळे त्यांना स्वतःलाच आपली इमारत सोडावी लागली. ज्यांच्या दारी नारायण आला त्यांचेही दार जुने राहिले नव्हते.

या मिशनऱ्यांच्या शिक्षणामागे एक निश्चित विचार होता, आणि नारायणाच्या पुढील आयुष्याचा अर्थ लावायचा तर तो लक्षात घेतला पाहिजे. समाजाच्या वरच्या थरातील मोजक्या बुद्धिमान तरुणांना उत्तम शिक्षण द्यावे. त्यांच्याकडून ज्ञान आणि धर्म आपोआप खालच्या थरांत झिरपत जाईल, असा तो विचार. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी १८३० पासून हीच पद्धत चालवली होती. मेकॉलेने १८३५ मध्ये सरकारी शिक्षणासाठी हाच हिशेब मांडला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा युक्तिवाद अपरिचित वाटणार नाही. वरच्या वर्गाच्या हाती संपत्ती साचू द्यावी, मग ती यथाकाल खाली पाझरेल, असे आश्वासन देणारी अर्थनीती गेल्या शतकात जगभर पुनःपुन्हा मांडली गेली. आश्वासनात पाणी नेहमी असते. फक्त मधला खडक किती जाड आहे, हे त्यात सांगितलेले नसते.

नारायण शेषाद्री हे या झिरप-सिद्धान्ताचे सर्वोत्तम फळ म्हणावे लागेल. ब्राह्मण कुळ, इंग्रजीवर प्रभुत्व, मराठीतून समर्थपणे बोलण्याची हातोटी. मिशनला जसा माणूस हवा होता, तसाच हा माणूस होता. १८५४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. याच वर्षी बेळगावला बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा झाला. मुंबईत सुशिक्षित नवख्रिस्त्यांचे एक छोटे वर्तुळ आता तयार झाले होते. त्यात राहून शाळा, व्याख्याने, वादविवाद आणि ग्रंथलेखन यांत आयुष्य घालवले असते, तरी शेषाद्रींना कोणी दोष दिला नसता. बाबा पदमनजींनी पुढे मराठी साहित्याची जी सेवा केली ती थोर आहेच. पण त्या वर्तुळाची मर्यादा उघड होती. वीस-पंचवीस वर्षांच्या खटाटोपानंतर वरच्या थरातून बोटांवर मोजण्याइतकी माणसे आली होती आणि त्यांच्यापासून खाली काहीही झिरपत नव्हते. झिरपणार तरी कसे? बाप्तिस्मा घेताच त्या तरुणाचा ज्या समाजाशी संबंध तुटे, त्याच समाजात त्याने झिरपावे अशी अपेक्षा होती.

शेषाद्रींनी यावर ग्रंथ लिहिला नाही. १८६० च्या दशकात ते मुंबईबाहेर पडले आणि निजामाच्या राज्यात जालन्याला येऊन राहिले.

जालना तेव्हा लहान गाव नव्हते. सोन्याचा पालना हे त्याचे लौकिकातील वर्णन आजही लोकांच्या तोंडी आहे. कुंडलिका नदीच्या काठची पेठ, भोवती कापसाची काळी जमीन, आणि गावाला लागून हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी. या फौजेच्या खर्चापोटीच १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू असताना तिकडचा कापूस बंद झाला आणि पश्चिम भारतातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. जालन्यासारख्या पेठेत त्या काळी पैसा खेळत असणार, यात संशय नाही. परंतु तो व्यापाऱ्याच्या, सावकाराच्या आणि मोठ्या जमीनधारकाच्या हाती. गावकुसाबाहेरच्या मांगवाड्यात आणि महारवाड्यात कापसाच्या तेजीचे चार आणेही पोहोचण्याची व्यवस्था नव्हती. शेषाद्री गेले ते या वाड्यांत. त्यांचे बहुतेक अनुयायी मांग आणि महार होते. देशस्थ घरात वाढलेल्या माणसाने मांगाच्या घरी बसावे, त्याच्या मुलाला शिकवावे, त्याच्याबरोबर जेवावे, ही त्या काळात मुंबईच्या बाप्तिस्म्याहून मोठी घटना होती. महात्मा फुल्यांनी पुण्यात अस्पृश्यांसाठी शाळा काढल्याला तेव्हा फार तर दहा-पंधरा वर्षे झाली होती. फुले स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, हे येथे आठवावे. एकाच मिशनच्या दोन शाळांतून बाहेर पडलेले हे दोघे, एक हिंदू समाजात राहून आणि दुसरा तो सोडून, सारख्याच ठिकाणी येऊन पोहोचले. झिरप-सिद्धान्तावरचा आपला आक्षेप फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन करून नोंदवला. शेषाद्रींचा आक्षेप कोणत्याही आयोगापुढे नाही. तो जालन्याच्या माळावर आहे.

मांग माणूस ख्रिस्ती झाला म्हणजे नेमके काय होत असे, याचा विचार धर्मशास्त्रापेक्षा पोटाच्या बाजूने करावा लागतो. मांग हा गावगाड्याचा बलुतेदार. दोर, कासरे, मुसक्या वळायच्या, केरसुण्या करायच्या, लग्नात आणि देवाच्या उत्सवात हलगी वाजवायची, सणाला तोरण बांधायचे. याच्या बदल्यात सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याचा वाटा मिळायचा. महाराकडे वेसकरकी, शिवेची राखण, सरकारी निरोप, मेलेले ढोर ओढणे. यांतील निम्मी कामे देवाशी आणि सणाशी बांधलेली. ज्याने देवीपुढे हलगी वाजवणे सोडले, त्याचे बलुते कोणत्या हिशेबाने द्यायचे, असा प्रश्न पाटील विचारणार, आणि गावगाड्याच्या तर्कात तो प्रश्न बरोबरच होता. म्हणजे उच्चवर्णीयाचे धर्मांतर वारसा घेऊन जाई, तर मांगाचे धर्मांतर संध्याकाळची भाकर. सुशिक्षित ब्राह्मणाला निदान शाळामास्तराची नोकरी मिळे. मांगाला काय मिळणार? त्याच्याजवळ जमीन नाही, भांडवल नाही, आणि त्याचे कसब विकत घेणारे गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे त्याच्यावर रुष्ट झालेले गाव. शिवाय १८५० चा कायदा इंग्रजी मुलखापुरता होता. निजामाच्या राज्यात तो लागू नव्हता.

हे ओळखल्यामुळेच शेषाद्रींनी देवळाआधी जमीन मागितली असे म्हणण्याचा मोह होतो. कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, हा तपशील महत्त्वाचा नाही. दोन्ही एकमेकींशिवाय टिकणार नाहीत, हे त्यांना कळले होते, हे महत्त्वाचे. त्यांनी निजाम सरकारकडे जमिनीची मागणी केली. हैदराबादचे दिवाण तेव्हा सर सालारजंग होते. १८५३ मध्ये ऐन तरुण वयात दिवाण झालेल्या या मुत्सद्द्याने राज्याचा मोडकळीला आलेला कारभार सावरला आणि १८६५ मध्ये जिल्ह्यांची नवी रचना केली. मुसलमान राजाचा मुसलमान दिवाण, जमीन मागणारा ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती उपदेशक आणि ती कसणार अस्पृश्य कुटुंबे, असा हा व्यवहार होता, आणि तो झाला. धर्मसंस्थांना जमीन देण्याची परंपरा या राज्यात जुनी होती; मशिदी, दर्गे, देवस्थाने, मठ यांची इनामे गावोगाव होती. त्या परंपरेत ही देणगी बसली. शिवाय पडीक जमीन लागवडीला येणे हे कोणत्याही महसुली दिवाणाला नको असण्याचे कारण नाही. तरीही सालारजंगांच्या उदारपणाचे श्रेय कमी करू नये. कोणा मांग कुटुंबाने एकट्याने अर्ज केला असता, तर तो तालुक्याच्या कचेरीची पायरीही चढला नसता. जमीन मिळाली ती शेषाद्रींच्या शब्दावर, आणि या गोष्टीत त्यांच्या कार्याचे यश जसे आहे तशी त्याची उणीवही आहे.

या जमिनीवर जालन्याजवळ त्यांनी जे गाव वसवले त्याचे नाव बेथेल. हिब्रू भाषेत याचा अर्थ देवाचे घर. बायबलमध्ये हे नाव याकोबाच्या कथेत येते. भावाच्या भीतीने घरातून पळालेला याकोब उघड्या माळावर धोंडा उशाला घेऊन झोपला. त्याला स्वप्न पडले आणि सकाळी उठून त्याने त्या जागेला बेथेल म्हटले. घर सुटलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. घर सुटलेल्या एका माणसाने ते नाव, ज्यांना गावात कधी घरच नव्हते अशांच्या वस्तीला द्यावे, यात औचित्य होते.

बेथेलमध्ये शेती होती, कारागिरीची कामे होती, शाळा होती आणि प्रार्थनामंदिर होते. आज या यादीत काही विशेष वाटणार नाही. परंतु मराठवाड्यातील त्या काळचे कोणतेही खेडे डोळ्यांसमोर आणावे. मांगाचे घर वेशीच्या आत नाही. पाण्याला तो विहिरीवर चढू शकत नाही, दुसऱ्याने वरून ओतावे तेव्हा त्याचे भांडे भरायचे. त्याचा मुलगा शाळेत जाणार नाही, कारण बहुधा शाळाच नाही, आणि असली तर ती त्याच्यासाठी नाही. बेथेलला वेस होती असे मानले तरी तिच्या बाहेर कोणी ठेवलेले नव्हते. गावकीची कामे जन्माने वाटलेली नव्हती. मांग आणि महार यांच्यातही परस्परांत शिवाशीव आणि वैर होते, हे विसरता कामा नये. बलुतेदारीने खालच्यांनाही आपसांत खालीवर बसवले होते. या दोघांनी एका वस्तीत राहावे, एका मंदिरात एकत्र बसावे, हा समतेचा धडा मुंबईतल्या कोणत्याही सभेत दिलेल्या व्याख्यानापेक्षा अवघड होता.

पण गाव वसवायला पैसा लागतो. घरे, बैल, अवजारे, बांधकाम, सुगी येईपर्यंतचे दाणे. भांडवलाशिवाय जमीन म्हणजे नुसता माळ. त्या भांडवलासाठी शेषाद्री परदेशी गेले. ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रोटेस्टंट पंथीयांच्या इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेथे ते उपस्थित होते. डोक्याला पांढरे पागोटे आणि अंगात देशी पोशाख, अशा वेषात ते व्यासपीठावर उभे राहिले आणि वृत्तपत्रांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेला तेव्हा वीस वर्षांचा अवकाश होता. धर्म बदलला म्हणून पोशाख, भाषा आणि चाल बदलली पाहिजे, हे त्यांनी मान्य केले नव्हते, ही गोष्ट त्या पागोट्याने सांगितली. वेळ मात्र वाईट निघाली. परिषदेच्या दोनच आठवडे आधी, सप्टेंबरात, न्यूयॉर्कच्या पेढ्या कोसळल्या होत्या आणि शेअरबाजार काही दिवस बंद ठेवावा लागला होता. जालन्याच्या माळावरच्या घरांची उभारणी न्यूयॉर्कच्या पेढ्यांच्या उलाढालीवर थोडी का होईना अवलंबून राहावी, यातील विपरीतता अर्थशास्त्राच्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटणार नाही.

बेथेलसारख्या वसाहतींवर त्या काळच्या मिशनरी मंडळींतच मतभेद होते. ख्रिस्ती झालेल्यांना मूळ गावातून उचलून वेगळ्या वस्तीत ठेवले, तर मूळ गाव जसेच्या तसे राहते. गावातला अन्याय सहन करणारा निघून गेला की अन्याय करणाऱ्याला सुटल्यासारखे होते. आणि नव्या वस्तीतील माणसांना मिशनच्या तोंडाकडे पाहण्याची सवय लागते. हे आक्षेप खरे आहेत. शेषाद्री हे बेथेलचे उपदेशक होते, पण त्याहून अधिक ते त्याचे पाटील, कारभारी, वकील आणि पोशिंदे होते. इतकी कामे एका माणसाकडे आली म्हणजे त्याच्या भोवतीच्यांकडे कमी उरतात. ब्राह्मण कुळात जन्मलेला माणूस मांगांचा पुढारी झाला, ही क्रांती होती. त्या गावाने आपल्यातून पुढारी निर्माण करून त्यांना निवृत्त करणे ही पुढची क्रांती, आणि ती त्यांच्या हयातीत झाली असे म्हणता येत नाही. तथापि टीका करणाऱ्याने पर्यायही सांगितला पाहिजे. मूळ गावातच राहा, बलुते बंद झाले तरी सोसा, विहीर बंद झाली तरी सोसा, आणि गावाला सुधारा, असे मांगाला सांगणे मुंबईहून सोपे होते. जालन्याला राहून ते सांगवत नसे. १८७५ मध्ये शेजारच्या पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे उसळले. जमीन असलेला कुणबीदेखील कर्जाने इतका जेरीस आला होता; मग ज्याला जमीनच नाही त्याने एकट्याने कशाच्या आधारावर उभे राहायचे? १८७६ पासूनच्या दोन वर्षांत दख्खनला दुष्काळाने झोडपले. अशा काळात एक सामाईक विहीर आणि कसायला जमीन असलेली वस्ती ही धर्मपीठाच्या दृष्टीने काय असेल ते असो, माणसाच्या दृष्टीने आसरा होती.

नारायण शेषाद्री १८९१ मध्ये वारले. जालन्याला आगगाडी आली ती १९०० मध्ये. म्हणजे त्यांच्या हयातीत जालना आगगाडीने मुंबईला जोडलेले नव्हते. त्यांच्या मागे प्रश्न उरला तो स्वावलंबनाचा. परकीय मिशनच्या पगारावर जगणारा पुढारी आपल्या समाजाला स्वतःच्या पायांवर कसा उभा करणार, हा तो प्रश्न. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याचे एक उत्तर दिले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला. पण टिळकांजवळ कवित्व होते, कीर्तन होते, आणि महाराष्ट्रभर चाहते होते. जालन्याच्या माळावर जमीन कसणाऱ्या कुटुंबाला असा पगार मुळात नव्हताच, तर सोडणार काय?

दुसरा प्रश्न शेषाद्रींच्या काळी कोणाच्या स्वप्नातही नसेल. १९५० मध्ये, ज्या वर्षी औरंगाबादला डॉ. आंबेडकरांनी महाविद्यालय सुरू केले त्याच वर्षी, राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा समजू नये, असे त्याने ठरवले. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून ख्रिस्ती माणसाला जातीमुळे आलेले दारिद्र्यही नाही, असा या आदेशाचा व्यवहारातला अर्थ. मातंग समाजातील सख्ख्या भावांपैकी एक हिंदू राहिला आणि एक ख्रिस्ती झाला, तर शिष्यवृत्ती आणि राखीव जागा एकाला आहेत, दुसऱ्याला नाहीत. दोघांचे आजोबा एकाच खळ्यावर बलुते मागायला उभे असले तरी. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १८४३ मध्ये मुंबईच्या कोर्टापुढेही दोन भावांचाच प्रश्न होता. तेव्हा कोर्टाने धाकट्याला घरी पाठवले आणि थोरल्याला आपल्या वाटेने जाऊ दिले.